शीर्षकपानावरचा माजी विद्यार्थी

१८५७ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडमध्ये मॅकमिलन कंपनीने एक कादंबरी काढली. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. नावाच्या जागी एवढेच छापले होते की हे एका माजी विद्यार्थ्याने लिहिलेले आहे. ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ हे ते पुस्तक. वर्ष संपायच्या आत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि तोवर हा माजी विद्यार्थी कोण हे सगळ्यांना कळलेही होते. थॉमस ह्यूज नावाचे चौतीस वर्षांचे एक बॅरिस्टर. वकिलीत बरे चाललेले, पण फार गाजलेले नव्हेत.

आपल्या स्मरणिकेत शाळेच्या, सरांच्या, बाईंच्या, मधल्या सुट्टीच्या आठवणी भरपूर येतील. म्हणून मी जरा वेगळा माणूस निवडला. माजी विद्यार्थी ही ज्याची जन्मभराची ओळख झाली असा हा माणूस. शाळेत जे मिळाले ते जगात वापरता येते का, या प्रश्नाच्या मागे ह्यूज पन्नास वर्षे होते. एकदा त्यांना त्याचे चांगले उत्तर मिळाले आणि एकदा फार वाईट मिळाले. दोन्ही सांगितली पाहिजेत.

थॉमसचा जन्म २० ऑक्टोबर १८२२ चा, बर्कशायरमधल्या उफिंग्टन गावचा. आजोबा तिथले धर्मोपदेशक. गावामागच्या टेकडीच्या उतारावर पांढऱ्या खडूच्या मातीत कोरलेला एक प्रचंड घोडा आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर गवत वाढू नये म्हणून आसपासच्या गावांतले लोक मिळून तो खरवडून साफ करत आणि त्या निमित्ताने जत्रा भरे. कुस्त्या होत, आपल्या फरीगदग्याशी नाते सांगावे असा काठ्यांचा खेळ होई. पुढे ह्यूज यांनी या जत्रेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. थॉमस गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांत खेळत वाढला, आणि अंगमेहनत करणारा माणूस आपल्याहून खालचा आहे ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरायची राहून गेली. त्या काळच्या इंग्लंडात ही साधी गोष्ट नव्हती.

आठ भावंडांत हा दुसरा. थोरला जॉर्ज याच्याहून वर्षाने मोठा आणि खेळात, अभ्यासात, सगळ्यात पुढे. या दोघांना वडिलांनी १८३४ साली रग्बीच्या शाळेत घातले, कारण तिथले मुख्याध्यापक डॉ. थॉमस अर्नोल्ड हे वडिलांच्या ऑक्सफर्डच्या कॉलेजातले.

अर्नोल्ड यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. १८२८ साली ते रग्बीत आले तेव्हा इंग्लंडातल्या अशा मोठ्या निवासी शाळा म्हणजे पोरांचेच राज्य होते. दारू, मारामाऱ्या, धाकट्यांचा छळ आणि मास्तरांची छडी, एवढ्यावर सगळे चाले. अर्नोल्ड यांनी छडी फेकून दिली नाही. पण सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांना त्यांनी विश्वासात घेतले, त्यांच्यावर शाळेची जबाबदारी टाकली, आणि रविवारी प्रार्थनामंदिरात ते स्वतः बोलू लागले. थॉमस अभ्यासात मध्यम होता. अर्नोल्ड यांचे रोमन इतिहासावरचे विचार त्याच्या फारसे हाती लागले असतील असे मला वाटत नाही. त्याच्या हाती लागले ते मैदान आणि मैदानावरची एक भावना: आपण एकटे नाही, आपल्या बाजूला माणसे उभी आहेत आणि त्यांना टाकून पळायचे नाही. फुटबॉलमध्ये तो म्होरक्या झाला, क्रिकेटच्या अकरांत आला. ऑक्सफर्डला गेल्यावर १८४२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर केंब्रिजविरुद्ध खेळला. त्याच महिन्यात डॉ. अर्नोल्ड अचानक वारले. वय अवघे सेहेचाळीस. कादंबरीतला टॉम सुट्टीत स्कॉटलंडमध्ये मासे पकडत असताना ही बातमी वाचतो आणि शाळेच्या रिकाम्या प्रार्थनामंदिरात परत येऊन बसतो. पुस्तक तिथेच संपते. ते शेवटचे प्रकरण वाचताना आपापले एखादे सर आठवले नाहीत असा वाचक विरळाच.

बी.ए. होऊन थॉमस लंडनला आला, कायद्याचा अभ्यास केला, १८४७ मध्ये फ्रान्सिस फोर्ड हिच्याशी लग्न केले (घरी तिला फॅनी म्हणत) आणि १८४८ च्या जानेवारीत बॅरिस्टर झाला. इथून पुढे त्यांना अहोजाहो करू.

१८४८ हे युरोपभर क्रांतीचे साल. लंडनमध्ये १० एप्रिलला चार्टिस्ट कामगारांनी केनिंग्टनच्या मैदानावर प्रचंड सभा बोलावली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत द्या ही त्यांची मुख्य मागणी. सरकार इतके घाबरले की म्हाताऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे राजधानीचे संरक्षण सोपवले आणि हजारो पांढरपेशांना तात्पुरते शिपाई नेमून हातात दंडुके दिले. सभा शांतपणे पार पडली. पण दोन वर्गांतली भीती उघडी झाली ती झालीच. ही भीती लक्षात ठेवा, पुढे बंदुकांची गोष्ट येणार आहे.

लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टरांसाठी नेमलेले धर्मोपदेशक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांच्याभोवती तेव्हा काही तरुण जमले होते. कादंबरीकार चार्ल्स किंग्स्ली, फ्रान्समध्ये वाढलेले वकील जॉन लडलो, आणि ह्यूज. ख्रिस्ती समाजवादी हे त्यांचे नाव. शिंप्यांच्या, चांभारांच्या सहकारी संस्था काढून देणे, नफा दलालाच्या नव्हे तर कारागिराच्या हाती पडेल असे करणे, हा त्यांचा खटाटोप. बहुतेक संस्था काही वर्षांत बुडाल्या. टिकला तो कायदा. सहकारी संस्थांना कायदेशीर आधार देणारा १८५२ चा कायदा मंजूर व्हावा म्हणून या वकिलांनी बरीच धावपळ केली. महाराष्ट्रात गावोगाव सोसायटी हा शब्द घरचा झालेला आहे, त्याच्या वंशवेलीत हे एक पान आहे असे म्हणायला हरकत नाही. ह्यूज आणि लडलो यांनी तर विम्बल्डनला एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे मांडली आणि मध्ये सामाईक ग्रंथालय ठेवले. सहकार घरापासून सुरू करणारे पुढारी थोडे असतात.

१८५४ मध्ये याच मंडळींनी लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज काढले, वर्किंग मेन्स कॉलेज. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी शिकायला येत. चित्रकला शिकवायला जॉन रस्किन आणि रोझेटी. ह्यूज यांनी काय शिकवावे? कायदा शिकवून पाहिला, तो रंगला नाही. मग त्यांनी बॉक्सिंगचा वर्ग काढला. सहकाऱ्यांपैकी काहींना हे जरा खालच्या पातळीचे वाटले असणार, पण वर्ग भरू लागला. सुतार आणि बॅरिस्टर एकमेकांच्या नाकावर ठोसे मारून झाले की नंतर गप्पाही बऱ्या होतात, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे तालमीत उतरलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

कादंबरी याच काळातली. मोठा मुलगा मॉरिस आठ वर्षांचा होत आला होता, त्याला शाळेत पाठवताना काय सांगावे या विचारातून ह्यूज लिहू लागले. लिखाण अर्धेअधिक झाले असताना, १८५६ च्या डिसेंबरात, थोरली मुलगी एव्ही लाल पुरळाच्या तापाने गेली. लेखणी थांबली. काही काळाने त्यांनी ती पुन्हा उचलली. पुस्तकाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा गंभीर आहे, त्यात आजारपण, प्रार्थना, मृत्यूची सावली आहे. त्याचे कारण कुठे छापलेले नाही, पण घरात काय घडले होते हे माहीत असलेल्याला ते दिसते.

पुस्तकाने शाळेची प्रतिमा जगभर नेली. फ्रान्सच्या पिएर द कुबर्तँ यांनी ते वाचले, रग्बीला भेट दिली, आणि पुढे आधुनिक ऑलिंपिक उभे करताना ती कल्पना त्यांच्या मनात होती. मात्र त्याच रग्बीतून, ह्यूज तिथे असतानाच्याच वर्षांत, विल्यम हॉडसनही शिकून बाहेर पडला होता. कादंबरी येऊन पाच महिने झाले तेव्हा दिल्लीत बादशहा बहादूरशहाच्या दोन मुलांना आणि एका नातवाला, ते शरण आल्यानंतर, गोळ्या घालणारा तो हॉडसन. शाळा एकच, सर एकच. शाळेने माणूस घडवला असे आपण सभेत टाळ्या घेत म्हणतो तेव्हा या दोघांची नावे शेजारी ठेवून पाहावीत.

आता बंदुका.

१८५८ च्या जानेवारीत ओर्सिनी नावाच्या इटालियनाने पॅरिसमध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकले. सम्राट वाचला, पण बाँब इंग्लंडमध्ये बनवले गेले होते हे बाहेर आले आणि फ्रेंच लष्करातले काही कर्नल उघड उघड इंग्लंडला धमकावू लागले. आगबोटी आल्यामुळे इंग्लिश खाडी आता पूर्वीइतकी रुंद वाटत नव्हती. शेर्बुर्गला फ्रान्सचे मोठे आरमारी बंदर उभे राहत होते. इंग्लंडची कायमची फौज लहान, आणि तिचा मोठा हिस्सा तेव्हा हिंदुस्थानात अडकलेला. दुसऱ्या वर्षी फ्रान्स इटलीत युद्धात उतरला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांतून एकच ओरड सुरू झाली: फ्रेंच आले तर अडवणार कोण? १२ मे १८५९ रोजी युद्धखात्याने परिपत्रक काढले आणि नागरिकांना स्वयंसेवक पलटणी उभारायला परवानगी दिली. कायदा १८०४ चा, पहिल्या नेपोलियनच्या वेळचा, धूळ झटकून वापरलेला.

अटी मोठ्या मासलेवाईक होत्या. पगार नाही. गणवेश आणि बंदूक ज्याची त्याने घ्यायची. चौदा दिवसांची नोटीस देऊन केव्हाही बाहेर पडता येईल, फक्त प्रत्यक्ष आक्रमण झाले तर नाही. या अटी वाचल्या की सरकारच्या मनात कोण होते ते कळते: वकील, कारकून, दुकानदार, जमीनदारांचे मुलगे. स्वतःच्या खिशातून बंदूक घेऊ शकेल असा माणूस हा बंड करणारा नसतो, अशी ती समजूत. केनिंग्टनच्या सभेला फक्त अकरा वर्षे झाली होती. कामगारांच्या हाती बंदूक द्यायची ही कल्पना कित्येकांना फ्रेंचांइतकीच भयंकर वाटत होती.

ह्यूज यांनी नेमके तेच केले. वर्किंग मेन्स कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांची पलटण त्यांनी उभी केली. ती एकोणिसाव्या मिडलसेक्स रायफल व्हॉलंटिअर्समध्ये होती आणि तिचे नेतृत्व ह्यूज यांच्याकडे आले. दिवसा सुतारकाम, छपाई, घड्याळदुरुस्ती अशा कामांत असलेली माणसे संध्याकाळी कवायत करू लागली, सुट्टीच्या दिवशी चांदमारीला जाऊ लागली.

याचे मोल कळायला त्या काळची इंग्लिश फौज कशी होती ते पाहावे लागते. अधिकाऱ्याचे पद पैसे मोजून विकत मिळे. ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. साधा शिपाई म्हणजे ज्याला दुसरे काही मिळाले नाही असा माणूस, फटक्यांच्या धाकाने चालणारा. आपल्या मुलाने पलटणीत नाव घातले तर कष्टाळू घरांत सुतक पडल्यासारखे होई. स्वयंसेवकांत हे नव्हते. तिथे माणूस आपण होऊन येई आणि म्हणूनच हुकूम मानी. काही पलटणींत तर अधिकारीही सभासदांनी निवडायचे. ह्यूज यांना यात रग्बीचे मैदान दिसले यात नवल नाही. मॅकमिलनच्या मासिकातून त्यांनी स्वयंसेवकांसाठी लिहिलेही. पण नुसते मैदान म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. कामगाराला देश आपला वाटावा असे वाटत असेल तर त्याच्यावर देशाने आधी विश्वास टाकला पाहिजे, हा त्यामागचा विचार, आणि तो त्या काळच्या संसदेतल्या पुष्कळ सभासदांच्या पुढे होता. कामगारांना मत मिळायला सुरुवात झाली ती १८६७ मध्ये. ह्यूज यांच्या पलटणीत बंदूक आधी आली, मत नंतर.

टिंगल भरपूर झाली. ‘पंच’ साप्ताहिकात पोट सुटलेल्या स्वयंसेवकांची व्यंगचित्रे येत. रस्त्यावरची पोरे गणवेशातला माणूस दिसला की कुत्रा कोणी मारला म्हणून ओरडत. आणि टिंगलीपेक्षा गंभीर असा विरोधही होता. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे शांततावादी पुढारी म्हणत होते की फ्रेंच आक्रमणाचे हे भूत वर्तमानपत्रांनी उभे केले आहे. १८६० च्या जानेवारीत, इकडे गावोगाव कवायती चालू असताना, कॉब्डेन यांनी पॅरिसमध्ये फ्रान्सशी व्यापाराचा करार घडवून आणला. घटनांनी त्यांचीच बाजू खरी केली: फ्रेंच आलेच नाहीत. बचावाच्या दृष्टीने पाहिले तर हा सगळा खटाटोप एका भ्रमासाठी झाला, आणि ह्यूज यांचे चाहते हे सांगायचे टाळतात.

तरीही चळवळ ओसरली नाही. सरकारने बंदुका पुरवायला सुरुवात केली. ती एनफिल्ड होती, जिच्या काडतुसांवरून दोनच वर्षांपूर्वी इकडे आग पेटली होती. २३ जून १८६० रोजी हाइड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाने अठरा हजारांहून अधिक स्वयंसेवकांचे संचलन पाहिले. २ जुलैला विम्बल्डनच्या माळावर नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली तेव्हा पहिली गोळी राणीनेच झाडली. बंदूक घोडीवर नेम धरून पक्की बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. नेम अर्थातच लागला. एक-दोन वर्षांत स्वयंसेवकांची संख्या दीड लाखाच्या वर गेली, आणि कारकून-वकिलांपेक्षा कारागीरच त्यांत हळूहळू अधिक होत गेले. ज्यांच्या हाती बंदूक देऊ नये असे वाटत होते त्यांच्याच हाती ती आली, आणि त्यांनी ती कोणावर रोखली नाही. १९०८ मध्ये या पलटणी नव्या प्रादेशिक सेनेत विलीन झाल्या, तोवर हे असेच चालले.

आपल्या बाजूने एक गोष्ट जोडली पाहिजे. हिंदुस्थानातही स्वयंसेवक पलटणी होत्या, पण त्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. १८८५ मध्ये रशियाशी युद्ध पेटते की काय अशी हवा झाली तेव्हा इथल्या सुशिक्षितांनी आम्हालाही स्वयंसेवक होऊ द्या अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात काँग्रेसने तसा ठराव केला. सरकारने ते मानले नाही. शस्त्रबंदीचा १८७८ चा कायदा तर होताच. लंडनच्या सुताराविषयी वाटणारी भीती पंचवीस वर्षांत गेली होती. पुण्या-मुंबईच्या पदवीधराविषयीची गेली नाही.

ह्यूज यांची मधली वर्षे मी भराभर सांगतो. १८६५ मध्ये ते लॅम्बेथमधून संसदेत गेले, नंतर फ्रोममधून, १८७४ पर्यंत. कामगार संघटनांची चौकशी करायला १८६७ मध्ये राजनियुक्त आयोग बसला, त्यात ते होते. बहुमताचा अहवाल संघटनांविषयी हात आखडता घेणारा. ह्यूज, फ्रेडरिक हॅरिसन आणि लॉर्ड लिचफील्ड यांनी वेगळे मत नोंदवले, आणि १८७१ चा कायदा बराचसा या अल्पमताच्या वाटेने गेला. संसदेत ते मोठे वक्ते नव्हते. त्यांचे खरे काम समित्यांत झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लंडनचे प्रतिष्ठित लोक दक्षिणेकडे झुकले असताना हे गुलामगिरीच्या विरोधात ठामपणे उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. १८७० मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा त्याची आठवण ठेवून तिथे त्यांचे जंगी स्वागत झाले. १८७२ मध्ये भाऊ जॉर्ज गेला. पुढच्या वर्षी ह्यूज यांनी त्याच्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले, घरातल्या मुलांसाठी. त्याच सुमारास त्यांची एकुलती बहीण जेन हिला सरकारने अनाथ-गरीब मुलींच्या शिक्षणाची तपासणी करायला नेमले. ब्रिटिश सरकारी सेवेत अशा जागेवर आलेली ती पहिली स्त्री. या घरात कामाची सवय एकट्या थॉमसला नव्हती.

आणि मग टेनेसी.

इंग्लंडात वडिलोपार्जित जमीन थोरल्या मुलाला मिळे. धाकटे मुलगे रग्बीसारख्या शाळांतून लॅटिन आणि क्रिकेट शिकून बाहेर पडत, आणि त्यांच्यासाठी सैन्य, चर्च, वकिली यांखेरीज काम नसे. हातांनी काम करणे कमीपणाचे. ह्यूज यांना हे सतत डाचत असे. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या कंबरलँड पठारावर त्यांनी आणि काही भागीदारांनी मोठी जमीन घेतली आणि ५ ऑक्टोबर १८८० रोजी तिथे वसाहतीचे उद्घाटन केले. नाव अर्थातच रग्बी. हे तरुण तिथे शेती करतील, सुतारकाम करतील, सहकारी दुकान चालवतील, कोणी कोणाहून खालचा असणार नाही. दारूला बंदी. कॉलेज, पलटण, सहकार, शाळा, आयुष्यभरात जे जे केले ते सगळे एका गावात.

जमीन निकस निघाली. मालकीहक्कांचे वाद निघाले. १८८१ च्या उन्हाळ्यात विषमज्वराची साथ आली आणि सात जण दगावले; खेड्याची कीर्ती वर्तमानपत्रांतून पसरली ती या बातमीने. टोमॅटो डबाबंद करायचा कारखाना काढला, तो चालला नाही. मोठे हॉटेल बांधले, ते १८८४ मध्ये जळाले. पण या सगळ्यापेक्षा मूळ दुखणे वेगळे होते. आलेल्या तरुणांनी टेनिसची मैदाने आधी तयार केली. नाटकमंडळी झाली, क्लब झाले, दुपारचा चहा वेळेवर होई. नांगर मात्र शेजारच्या डोंगरी शेतकऱ्यांनी धरायचा. शाळेने त्यांना खेळ दिला होता आणि एकमेकांत मिळून राहणे दिले होते. कष्ट दिले नव्हते, कारण ते शाळेकडे नव्हतेच.

ह्यूज यांनी बराच पैसा त्यात घातला आणि तो बुडाला. त्यांनी तिथे राहायला जायचे ठरवले नव्हते. ते अधूनमधून जात आणि पत्रांतून सल्ले पाठवत. फॅनीबाई इंग्लंडातच राहिल्या. कॉलेजात ते स्वतः बॉक्सिंगला उभे राहत होते, पलटणीत स्वतः कवायतीला येत होते. टेनेसीत ते नव्हते. वसाहत फसण्याची पुष्कळ कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत. मला हे एक सर्वांत मोठे वाटते.

तिथे गेली ती त्यांची आई. मार्गारेट ह्यूज ऐंशी ओलांडलेल्या होत्या. नातीला घेऊन, समुद्र ओलांडून त्या १८८१ मध्ये मुलाच्या गावात जाऊन राहिल्या, आणि १८८७ मध्ये तिथेच वारल्या. तिथल्याच मातीत त्यांना पुरले. मुलाच्या स्वप्नावर सर्वांत जास्त विश्वास बहुधा त्यांचाच होता.

पैशाची ओढ लागली होती. १८८२ मध्ये ह्यूज यांनी चेस्टरला काउंटी कोर्टाच्या न्यायाधीशाची जागा घेतली. किरकोळ देणी, भाडी, दुकानदारांची उधारी अशा दाव्यांचे ते कोर्ट. एके काळी संसदेत बसलेल्या क्वीन्स कौन्सेलला हे उतरणेच होते, पण त्यांनी ते काम शेवटपर्यंत केले. तिथे बांधलेल्या घराला नाव दिले उफिंग्टन.

१८९५ मध्ये रग्बीच्या माजी विद्यार्थी संघाने एक समिती नेमली. चेंडू हातात घेऊन पळण्याची प्रथा शाळेत सुरू झाली तरी कशी, विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने ती १८२३ मध्ये सुरू केली ही गोष्ट खरी का, हे शोधायचे होते. समितीने जुन्या मुलांना पत्रे पाठवली. त्यातले एक ह्यूज यांना. त्यांनी उत्तर लिहिले. एलिसची दंतकथा त्यांच्या काळात शाळेत कोणाला ठाऊक नव्हती, असे त्यांनी कळवले. १८३४ मध्ये चेंडू घेऊन पळायला सक्त मनाई नव्हती. पण अशा पळण्यात कोणी मुलगा मेला असता तर शाळेतल्या मुलांच्या पंचांनी मारणाऱ्यांना निर्दोष सोडले असते, अशी पुस्तीही जोडली. त्र्याहत्तर वर्षांचे न्यायाधीश आणि आठवण बारा वर्षांच्या पोराची. समितीचा अहवाल १८९७ मध्ये छापून आला. ह्यूज त्याआधी, २२ मार्च १८९६ रोजी, ब्रायटनला वारले होते.

शाळेच्या आवारात त्यांचा पुतळा १८९९ मध्ये बसवला. टेनेसीच्या रग्बीत आज थोडीच घरे आहेत. तिथले ग्रंथालय, १८८२ मध्ये ह्यूज यांच्याच नावाने उघडलेले, अजून उभे आहे. सुमारे सात हजार पुस्तके, बरीचशी प्रकाशकांनी त्या वेळी भेट दिलेली, त्याच फळ्यांवर.